जर-तरचं इंग्रजी: गाडी ‘विल’वरच का अडते?

कॅम्पस इंटरव्ह्यूत मी म्हणालो होतो, ‘इफ यू विल सिलेक्ट मी, आय विल वर्क हार्ड.’ चार वर्षं कोडमध्ये ‘इफ-एल्स’ लिहून इंग्रजीच्या ‘इफ’वर घसरलो. झिरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड हे प्रकार शाळेत पाठ केले होते. ऐन वेळी एकही आठवला नाही.

माझ्या मते हे प्रकार पाठ करून घेण्याआधी इंग्रजीच्या तासाला मराठी वाक्य फळ्यावर लिहायला हवं. ‘पाऊस येईल तर सामना रद्द होईल’ असं आपण म्हणत नाही. ‘पाऊस आला तर’ म्हणतो. अट उद्याची, रूप भूतकाळाचं! इंग्रजीही अटीत सहसा ‘विल’ टाळतं, फक्त तिथे वर्तमानकाळ येतो: ‘इफ इट रेन्स, द मॅच विल बी कॅन्सल्ड.’

खरी गोम पुढे आहे. ‘अभ्यास केला असता तर पास झालो असतो’ यात ‘असता-असतो’ दोन्हीकडे येतं, म्हणून आपण ‘वुड हॅव’ही दोन्हीकडे लावतो. इंग्रजीत अटीकडे ‘हॅड’, परिणामाकडे ‘वुड हॅव’: ‘इफ आय हॅड स्टडीड, आय वुड हॅव पास्ड.’

आणि ‘पैसे असते तर बाइक घेतली असती’? खिसा आज रिकामा आहे की गेल्या दिवाळीत होता, हे मराठीत संदर्भावरून कळतं. इंग्रजीत आधी ठरवावं लागतं. आजचं असेल तर ‘इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ बाइक’. दिवाळीचं असेल तर ‘इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट अ बाइक’. दोनदा ‘हॅड’ ही आमच्या डेस्कची चूक नाही.