बिऱ्हाड हलवण्याआधी लायसन्स

अमेरिकेत आल्यावर, मुलं शाळेत जाऊ लागल्यावर कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांची असोसिएट डिग्री घेऊन आरएन झालेल्या मराठी बायका आपल्यात आहेत. कुणी भारतात बीकॉम केलेलं, कुणी बँकेत होती. नोकरीत जरा जम बसतो आणि तेवढ्यात नवऱ्याला दुसऱ्या राज्यात काम मिळतं. मग घर, शाळा, गाडीची नोंदणी अशी यादी सुरू होते आणि तिची नोकरी त्या यादीत तळाशी जाते. माझं सांगणं एवढंच की, बायांनो, तुमचं लायसन्स त्या यादीत सगळ्यात वर घ्या.

नर्सिंगचं लायसन्स इथे राज्य देतं. चाळीसहून अधिक राज्यांनी आपसात करार केला आहे, त्याला कॉम्पॅक्ट म्हणतात. अशा राज्यात तुमचं कायमचं घर असेल तर मल्टिस्टेट लायसन्स मिळू शकतं आणि ते करारातल्या इतर राज्यांतही चालतं. न्यू जर्सीहून टेक्सासला निघालात तर दोन्ही राज्यं करारात आहेत, त्यामुळे तिथे पोचल्यावर जुन्या मल्टिस्टेट लायसन्सवर काम सुरू करता येतं. पण 2 जानेवारी 2024 पासून नियम असा आहे की राहतं राज्य बदलल्यावर 60 दिवसांत नव्या राज्याकडे अर्ज करायचा. खोकी उघडण्यातच दोन महिने जातात, हे घर हलवलेल्या कुणालाही विचारा.

कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क आणि इलिनॉय मात्र करारात नाहीत. तिथल्या बोर्डाकडून परवाना येईपर्यंत साध्या हॉस्पिटलात एक दिवसही काम करता येत नाही. एन्डॉर्समेंटचा, म्हणजे आधीच्या लायसन्सच्या आधारे नवं मागण्याचा, अर्ज मात्र जुन्या घरी बसून करता येतो, त्याला तिथला पत्ता लागत नाही. कॅलिफोर्नियाला बोटांचे ठसेही लागतात. बाहेरून कागदी कार्डावर पाठवलेले ठसे रेंगाळतात, तेव्हा घर बघायला जाल त्याच फेरीत लाइव्ह स्कॅन, म्हणजे यंत्रावर घेतलेले ठसे, उरकून टाका. आपलं लायसन्स मल्टिस्टेट आहे की एकाच राज्याचं, हे नर्सिसच्या (Nursys) संकेतस्थळावर फुकट दिसतं. आधी ते बघा.

आता डिग्रीचं. ‘दोनच वर्षांचं केलंय’ असं खालच्या आवाजात सांगणं आधी बंद करा. चार वर्षांची बीएसएनवाली जी एन्क्लेक्स-आरएन परीक्षा देते तीच तुम्ही दिली आहे, आणि लायसन्सही तेच आहे. तरीही मोठ्या शहरांतली नावाजलेली हॉस्पिटलं बीएसएन मागतात, हे खरं. 2020 पर्यंत 80 टक्के नर्सेस बीएसएन असाव्यात अशी शिफारस 2010 च्या एका राष्ट्रीय अहवालाने केली, तेव्हापासून हा जोर वाढला. न्यू यॉर्कने 2017 मध्ये कायदाच केला. त्यात आधीपासूनच्या नर्सेसना सूट आहे, नव्यांना बीएसएनसाठी दहा वर्षं आहेत. तिकडे जाणार असाल तर आपण कुठल्या गटात बसतो ते विचारून घ्या.

जाहिरातीत ‘रिक्वायर्ड’ आहे की ‘प्रिफर्ड’, हे नीट वाचा. प्रिफर्ड असेल तर बेधडक अर्ज करा. आपल्या बायका तो शब्द वाचून मागे फिरतात, मला त्याचा राग येतो. नर्सिंग होम, डायलिसिस सेंटर, पुनर्वसन केंद्र, होम हेल्थ, शहरापासून तासाभरावरचं छोटं हॉस्पिटल, इथे तुमच्या डिग्रीवर अडत नाही. नागरिकत्व घेतलं असेल तर माजी सैनिकांची व्हीए हॉस्पिटलं विसरू नका, कारण तिथे कुठल्याही राज्याचं लायसन्स चालतं. हिंदी, मराठी, गुजराती येतं हे अर्जात जरूर लिहा, पण दुभाष्याचं काम अंगावर घेऊ नका. त्याला वेगळी पात्रता लागते आणि चूक झाली तर निस्तरावी तुम्हालाच लागते.

साइन-ऑन बोनसचा आकडा बघून हुरळू नका. ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर तो सहसा परत करावा लागतो, आणि नवऱ्याची नोकरी पुन्हा हलली तर सोडावंच लागणार. करारातली ती ओळ सहीआधी वाचा.

बीएसएन करायचं असेल तर नोकरी लागल्यावर करा. फीसाठी मालकाने दिलेल्या मदतीवर वर्षाला 5,250 डॉलरपर्यंत कर लागत नाही, मग पदरचे पैसे आधी कशाला घालायचे? ऑनलाइन कोर्सला सीसीएनई किंवा एसीईएनची मान्यता आहे का आणि नव्या राज्यातल्या विद्यार्थ्यांना ते कॉलेज घेतं का, हे आधी विचारा. प्रवेश झाला की रेझ्युमेत ‘बीएसएन चालू’ असं लिहा.

आणि जिथे अशी नर्स जाणार आहे, तिथे आधीच रुजलेल्या नर्सेसना एक विनंती. मंडळाच्या गणपतीत कुणी नवी भेटली तर नुसतं ‘कळवते हं’ म्हणू नका. आपल्या युनिटच्या मॅनेजरचं नाव द्या आणि तिचा रेझ्युमे स्वतः पुढे पाठवा. बऱ्याच हॉस्पिटलांत त्याबद्दल तुम्हालाही रेफरल बोनस मिळतो.