‘इंडस्ट्रीत हेच चालतं’ म्हणणाऱ्या क्लासवाल्यांना

थोडं लांबलंय. पण ज्यांच्या घरी बारावीनंतर ‘थ्रीडी-अ‍ॅनिमेशन’ला जाणारं पोर आहे, त्यांनी तरी पूर्ण वाचा.

मी नाशिकमध्ये छोटं ऑफिस चालवतो. अजून उभ्या न राहिलेल्या इमारतींची चित्रं आणि फिल्म करून देणं हा आमचा धंदा. बिल्डरच्या होर्डिंगवरचा तो सोनेरी सूर्यास्त आमच्यासारख्यांनीच लावलेला असतो. या कामाला दोन वाटा आहेत. एक, थ्रीडी मॅक्स आणि त्याच्या जोडीला व्ही-रे, म्हणजे भाड्याचं सॉफ्टवेअर. भाड्याचं अशासाठी की ऑटोडेस्कने कायमचे परवाने विकणं २०१६ मध्येच बंद केलं. दरवर्षी भाडं भरा, नाहीतर घर खाली करा. दुसरी वाट अनरियलसारख्या गेम इंजिनची. बनवलं खेळांसाठी, पण इमारतीही तितक्याच झोकात दाखवतं, आणि आमच्या आकाराच्या ऑफिसला एक रुपयाही न घेता मिळतं.

आमच्याकडचे बहुतेक क्लास पहिलीच वाट शिकवतात. शिकवा की! पण कुठल्या कॉपीवर? वीस मशीन, वीस मुलं, आणि वीसही ठिकाणी क्रॅक. फी मात्र अस्सल. मुलगा शिकून बाहेर पडतो, घरच्या लॅपटॉपवर तीच क्रॅक टाकून कामं घेतो, आणि एक दिवस नोटीस येते. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ब कुणी त्याला वर्गात सांगितलेलं नसतं. जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरलं तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. माझ्याकडे नोकरी मागायला येणाऱ्या दहा जणांत आठ जणांनी आयुष्यात परवान्याचं बिल पाहिलेलं नसतं. हा त्या पोरांचा दोष नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की विद्यार्थ्यांना शैक्षणिक परवाना फुकट मिळतो. मिळतो, पण मान्यताप्राप्त संस्थेत शिकत असाल तर, आणि फक्त शिकण्यापुरता. दुकानावरच्या मजल्यावरचा सहा महिन्यांचा कोर्स त्यात बसतो का, ते क्लासवाल्यांनीच सांगावं.

दुसरं उत्तर दर्जाचं. ‘व्ही-रेची सर गेम इंजिनला नाही.’ एका स्थिर चित्रापुरतं, काचेतून आणि पडद्यातून झिरपणाऱ्या उजेडापुरतं, मी अजूनही हे मान्य करतो. पण गिऱ्हाईक आज मागतं वॉकथ्रू, आणि तिथे हिशोब करा. एक मिनिटाची फिल्म म्हणजे २५ च्या दराने १५०० फ्रेम. भाड्याच्या सॉफ्टवेअरवर एका फ्रेमला पाच मिनिटं धरली तरी १२५ तास. पाच दिवस मशीन अखंड चालू हवं, आणि आपल्याकडे लाइट किती अखंड असते ते तुम्हाला ठाऊकच आहे. इंजिनवर तीच फ्रेम तीन सेकंदांत निघाली तर काम सव्वा तासात संपतं. बिल्डरने शेवटच्या क्षणी ‘टाइल बदला हो’ म्हटलं तर रडू येत नाही. आणि दर्जाचंच बोलायचं तर लॅटव्हियाचा ‘फ्लो’ हा चित्रपट बघा. तो ब्लेंडर या पूर्ण मोफत सॉफ्टवेअरमध्ये, त्यातल्याच झटपट रेंडर करणाऱ्या ईवीवर झाला, आणि २०२५ मध्ये ऑस्कर घेऊन गेला.

इंजिनला काहीच लागत नाही असं नाही. बरं ग्राफिक्स कार्ड लागतं, ते स्वस्त नाही, आणि शिकायला सुरुवातीचे काही महिने डोकं उठतं. पण तो पैसा आणि ते महिने आपल्याच खात्यात राहतात.

आता इंजिनवाल्या माझ्या मित्रांनीही जरा ऐकावं. शून्य रुपये म्हणजे मुक्त नव्हे. युनिटीने सप्टेंबर २०२३ मध्ये अचानक जाहीर केलं, की तुमचा खेळ जितक्यांदा इन्स्टॉल होईल तितके पैसे द्या. जगभरातले खेळ बनवणारे अंगावर आले, तरी तो निर्णय पूर्ण मागे घ्यायला वर्ष लागलं. अनरियलनेही २०२४ पासून खेळांव्यतिरिक्त काम करणाऱ्या, वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना माणशी वर्षाला १८५० डॉलर लावले. ती मर्यादा आपल्यापासून फार लांब आहे, पण मर्यादा ठरवणारा मालक तेच आहेत. म्हणून पाया ब्लेंडरचा घाला. २००२ मध्ये लोकांनी एक लाख युरो वर्गणी जमवून ते मुक्त करून घेतलं, त्याचा परवाना कुणाच्या बापाला मागे घेता येत नाही. त्यावर मग अनरियल शिका, खेळ करायचे तर गोडो शिका. आणि पुढे एखाद्या कंपनीत व्ही-रे असेल तर ती कंपनी परवाना घेईल, पोरगं महिन्याभरात हात बसवेल. उजेड, कॅमेरा, मटेरियल कळलेल्याला बटणं शोधायला वेळ लागत नाही.

हा प्रश्न क्लासपुरता नाही, म्हणून इथे लिहितोय. राज्याने २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंगसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं. आता लॅब उभ्या राहतील, प्रशिक्षणाचे ठेके निघतील. त्यांत सॉफ्टवेअरचं नाव कोण लिहिणार? एका सरकारी कामाच्या निविदेत वॉकथ्रू ‘अमुकच सॉफ्टवेअरमध्ये केलेला असावा’ अशी अट मी स्वतः वाचली आहे. अरे, तुम्हाला फिल्म बघायची आहे की आमचं मशीन? अशा एका ओळीने छोटी ऑफिसं बाहेर पडतात, नाहीतर क्रॅक टाकून आत शिरतात. केरळात सरकारी शाळांतले संगणक कित्येक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात, तिथल्या ‘लिटिल काइट्स’ची मुलं शाळेतच ब्लेंडर हाताळतात. आपण मात्र जनतेच्या पैशातून दरवर्षीचं भाडं भरणार, आणि अनुदान थांबलं की लॅबला कुलूप!

ज्या क्लासवाल्यांना हे सगळं खोटं वाटतंय, त्यांनी एवढंच करावं. जूनच्या प्रवेशाच्या जाहिरातीत प्लेसमेंट मिळालेल्यांच्या फोटोंशेजारी एक ओळ छापावी: आमच्याकडे मशीन किती, आणि परवाने किती. पालकांनो, नाही छापली तर फी भरण्याआधी काउंटरवर बिल मागा.