भाव आपण सांगू



ज्वारीची पोती बाजारात उतरवली की पहिला प्रश्न आपणच विचारतो, "आज काय भाव?" पिकवणारा विचारतो, घेणारा सांगतो. कोणता दुकानदार असा धंदा करतो?

आज घरोघरी मोबाईल आहे. २०१८ साली व्हॉट्सॲपने लहान धंद्यांसाठी वेगळे ॲप काढले. मालाचे फोटो, वजन, भाव त्यात फुकट मांडता येतात. कापूस असा विकता येणार नाही; त्याला जिनिंग लागते. पण मालदांडी ज्वारी, तिचे पीठ, तुरीची डाळ शहरातल्या स्वयंपाकघरात सरळ जाऊ शकते.

एका यादीतून २५६ जणांना एकदम निरोप धाडता येतो. मात्र ज्याने आपला नंबर जपून ठेवला आहे त्यालाच तो पोचतो. म्हणजे विश्वास आधी, विक्री नंतर. फोटोत एक आणि पिशवीत दुसरे निघाले, तर हाच मोबाईल आपली अब्रू घालवील.

भाव काढताना बियाणे, मजुरी, निवडण, दळण, पिशवी, गाडीभाडे आणि घरच्या लक्ष्मीचे कष्ट धरा. ते न धरता स्वस्त विकले, तर आपणच आपल्याला लुटले. गिऱ्हाइकांची नावे वहीतही उतरवा. ॲप परक्याचे, वही आपली.

सगळा माल असा खपणार नाही, हे आम्ही जाणतो. दहा पोत्यांतले एखादे जाईल. पण त्या पोत्याचा हिशेब मांडताना आपला खरा खर्च कळेल. मग उरलेल्या नऊ पोत्यांचा भाव विचारतानाही मान खाली जाणार नाही.