पाच टक्के आणि तीन जिने

वाचकहो, दिवाळीच्या फराळात हा कडू घास कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण मास्तराचा पिंड, राहवत नाही! यवतमाळ जिल्ह्यातल्या माझ्या शाळेतले एक पोर पायाने अधू, बुद्धीने तल्लख. राखीव जागेवर त्याला कॉलेजात प्रवेश मिळाला. वर्ग मात्र तिसऱ्या मजल्यावर! दिवाळीआधीच पोर घरी परतले.

"फुकटची जागा वाया घालवली," शहाणे म्हणाले. फुकटची? १९९५ च्या कायद्याने ३ टक्के, २०१६ च्या कायद्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा दिल्या, त्या ४० टक्के वा अधिक अपंगत्व असणाऱ्यांचा हक्क म्हणून. भिक्षा म्हणून नव्हे. इमारतीत त्यांना वावरता यावे, हेही त्याच २०१६ च्या कायद्याने बजावले आहे. २०२४ साली महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नुसता अपंगत्वाचा आकडा पाहू नका. तो शिकू शकेल की नाही, ते पाहा.

मी मॅट्रिकपुढे गेलो नाही. शिकण्याची तहान मला ठाऊक आहे. जागा राखायची आणि वाट अडवायची, ही निव्वळ थट्टा झाली! दारी पणती लावाल, तेव्हा एकदा आपल्या गावच्या कॉलेजाच्या पायऱ्याही मोजा.