पाणवठ्यापासून दूर

फाल्गुनात सागरेश्वरच्या डोंगरावर पळस फुलू लागतो. पायथ्याला कृष्णाकाठचा हिरवा ऊस उभा असतो आणि वरच्या उतारांवरील गवत मात्र वाळून पिवळे पडलेले असते. पानगळीने झाडी विरळ झालेली असल्यामुळे दूरवरचे दिसते आणि वन्यजीव पाहण्यास हा काळ अनुकूल ठरतो. मात्र विरळ झाडीत लपण्यास जागा उरत नाही, हेही पाहणाऱ्याने ध्यानात घ्यावयास हवे.

सांगली जिल्ह्यातील हे अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १०.८७ चौरस किलोमीटर आहे. उजाड डोंगरावर झाडे लावून आणि जपून माणसांनी ते उभे केले. त्यामागे वृक्षमित्र धों. म. मोहिते यांचे परिश्रम होते. येथील बहुतेक वन्यप्राणी बाहेरून आणून सोडलेले आहेत. पाण्याचा बारमाही नैसर्गिक स्रोत नसल्याने उन्हाळ्यात त्यांची तहान माणसाने भरलेल्या पाणवठ्यांवरच भागते.

सकाळच्या फेरीत प्राण्यांआधी त्यांच्या खुणा भेटतात. पायवाटेच्या धुळीत चितळांचे खूर उमटलेले असतात, रानडुकरांनी माती उकरलेली असते. सांबर बहुधा रात्री चरते. उजाडताच ते दाट सावली गाठते. चितळे मात्र कळपाने उघड्यावर येतात. कळपातील एखादी मादी मान उंचावून थबकते, पुढचा खूर आपटते आणि तीक्ष्ण आवाज काढते. हा इतरांना दिलेला इशारा असतो. तो उमटला म्हणजे पाहणारा माणूस प्रमाणापेक्षा जवळ आला, असे समजावे.

हे अंतर पाणवठ्यापाशी सर्वांत महत्त्वाचे ठरते. छायाचित्राच्या हौसेने माणसे काठाशीच बसून राहिली, तर तहानलेला कळप झुडपांआड ताटकळतो आणि पाणी न पिताच परततो. जवळपास दुसरे पाणी नसेल, तर त्याला भर उन्हात पुन्हा यावे लागते.

सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातील मायणीचा तलावही असाच माणसाने साठवलेल्या पाण्याचा. दुष्काळी मुलखातील या परिसराला २०२१ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात येथे रोहित पक्षी येतात. त्यांच्यासारखेच पाहुणे असलेले पट्टकादंब हंस वसंतात हिमालय ओलांडून मध्य आशियातील पठारांकडे परततात. अशा प्रवासासाठी अंगात चरबी साठवणे आवश्यक असते. काठावरच्या गलक्याने थवा उडाला, की चरण्याचा वेळ बुडतो आणि साठवलेली शक्ती व्यर्थ खर्च होते. एका थव्याला दिवसातून अनेकदा उठवणे म्हणजे त्याची शिदोरी थोडी थोडी काढून घेण्यासारखेच आहे.

मुलांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबांनी दुर्बीण जवळ बाळगावी, भडक वस्त्रे टाळावीत, खाद्य टाकू नये आणि पाण्यापासून दूर, झाडाच्या आडोशाने अर्धा तास निःशब्द बसावे. मुलांना हे कठीण जाते. परंतु कळप शांतपणे पाणी पिऊन आपल्या वाटेने निघून गेलेला त्यांनी एकदा पाहिला, म्हणजे पुढच्या खेपेस त्यांना गप्प बसण्यास सांगावे लागत नाही.