मंडळांनो, दहा दिवसांतली एक संध्याकाळ द्या

सोलापूरकरांनो, पोस्ट जरा मोठी आहे. चहा घेऊन बसा.

2025च्या जूनमध्ये सोलापूर-गोवा विमान सुरू झालं तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. मला गोवा म्हटलं की शिवोली गावचा एक गायक आठवतो, रेमो फर्नांडिस. ‘बॉम्बे’ सिनेमातलं हम्मा हम्मा गाणारा, म्हणजे लगेच ओळखाल.

हा गडी मुंबईत जे. जे.मध्ये आर्किटेक्चर शिकला, ‘द सॅव्हेजेस’ नावाच्या रॉक बँडमध्ये होता. पुढं गोव्यात परतला आणि स्वतःची गाणी लिहू लागला, इंग्रजीत, गोव्याच्या माणसांवर. कंपन्यांना ती नको होती. मग यानं घरातच चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर वाद्यं एकट्यानं वाजवली, सगळे आवाज एकट्यानं गायले आणि 1984 साली ‘गोवन क्रेझी’ हा पहिला सोलो अल्बम काढला. कॅसेटी स्कूटरवर घालून दुकानादुकानांत स्वतः पोचवल्या. मोठी कंपनी आली ती नाव झाल्यावर.

ही गोष्ट सगळे जिद्दीची म्हणून सांगतात. मला त्यात दुकानदार महत्त्वाचा वाटतो, ज्यानं ती कॅसेट ठेवून घेतली. आणि गिऱ्हाईक, ज्यानं खिशात हात घातला. चार ट्रॅकपेक्षा जास्त सोय आज प्रत्येक पोराच्या मोबाइलमध्ये आहे. आपल्याकडं कमी आहे ती ऐकणाऱ्यांची.

कॉलेजच्या गॅदरिंगला बँड उभा राहतो. हिंदी सिनेमातली गाणी झाली की टाळ्या, वन्स मोअर. गाणारा म्हणाला, "आता माझं स्वतःचं एक", की निम्मी पोरं वडापावला. सोलापुरात हुतात्मा दोन, एक सभागृह आणि एक पुण्याची रेल्वे. गाणाऱ्या पोराला सभागृह परवडत नाही, म्हणून तो रेल्वे पकडतो. मग पुण्यातनं त्याचा अल्बम आला की आपण ‘आपल्या सोलापूरचा’ म्हणून शेअर करायला मोकळे.

यात गावाचंही नुकसान आहे. राजीव गांधी पंतप्रधान असताना रेमोनं त्यांच्यासमोर गोव्याची दुखणी गाण्यातनं मांडली होती. आपल्याकडं दुखणी कमी आहेत का? चार-चार दिवसांनी नळाला पाणी, बंद पडलेल्या गिरण्या, चादरीचं नाव मोठं आणि मागवाल्याचा पगार लहान. यावर एक तरी नवं गाणं तुम्हाला पाठ आहे?

आणि हे आपल्या मातीला नवीन नाही. शाहीर अमर शेख आपल्या बार्शीचे, स्वतः गिरणी कामगार. अण्णा भाऊ साठे आणि गवाणकरांबरोबर लालबावटा कलापथकात त्यांनी मैदानं गाजवली. गिटार नव्हती, डफ होता, एवढाच फरक.

आता मुद्द्याचं. गणपतीच्या वर्गणीच्या बैठका सुरू होतील. डीजेवर दरवर्षी भांडतोच, यंदाही भांडू. पण डीजेच्या पैशातला थोडा वाटा काढून मंडळानं एक संध्याकाळ गावातल्या गाणाऱ्याला द्यावी. मानधन देऊन, शाल-नारळावर भागवून नाही. अट एकच, किमान तीन गाणी त्याची स्वतःची हवीत.

"लोकांना ओळखीचीच गाणी लागतात हो," असं कार्यकर्ते म्हणणार, आणि ते खोटं नाही. म्हणून तीनच म्हटलं, बाकी खुशाल सिनेमातली गा. अनोळखी गाणं चौथ्यांदा ऐकलं की ओळखीचं होतं, तेवढ्या वेळा कानावर पडू तर द्या.

महापालिकेकडंही एक मागणी. हुतात्मा स्मृती मंदिर ज्या दिवशी रिकामं असेल, त्या दिवशी स्थानिक कलाकारांना सकाळची वेळ नाममात्र भाड्यात सरावाला द्या. नगरसेवक मित्र वाचत असतील तर सभेत विषय काढा.

तुमच्या गल्लीत स्वतःची गाणी करणारं कोण असेल तर त्याला विचारून खाली नाव लिहा. आणि मंडळाच्या अध्यक्षाला टॅग करा, लाजू नका.