दुसऱ्या प्रतीचे अर्थशास्त्र

परीक्षांचा हंगाम आला की दिग्रससारख्या तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्त करणाऱ्याकडे वर्दळ वाढते. कोणा शिक्षकाची वर्षभराची गुणपत्रके, कोणा विद्यार्थ्याचा प्रबंध, कोणा लिपिकाची पगारपत्रके बंद पडलेल्या यंत्रात अडकलेली असतात. ‘यंत्र गेले तरी चालेल, आतले तेवढे काढून द्या,’ अशी विनवणी होते. यंत्राची किंमत पावतीवर छापलेली असते. आतल्या श्रमांची किंमत ते गमावल्यावाचून उमगत नाही.

विदर्भाला हा धडा नवा नव्हे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी रिद्धपुरास चक्रधरस्वामींच्या लीळा संकलित केल्या. मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि अनुयायांना ती स्मरणाच्या आधारे पुन्हा सिद्ध करावी लागली, असे महानुभाव परंपरा सांगते. लीळाचरित्राच्या पाठभेदांचे हेही एक कारण मानले जाते. सात शतकांनंतर, २१ जून २०१२ रोजी, मुंबईत मंत्रालयाला आग लागली आणि वरच्या मजल्यांवरील असंख्य नस्ती भस्मसात झाल्या. त्यानंतर त्या पुन्हा उभ्या करण्याचा खटाटोप शासनाला करावा लागला. ज्या कागदाची प्रत अन्यत्र असेल तोच अशा वेळी परत मिळतो.

संगणकाने ही दुसरी प्रत विलक्षण स्वस्त केली आहे. पोथीची नक्कल करण्यास महिने लागत. आज शेकडो पानांच्या प्रबंधाची नक्कल काही क्षणांत होते. ती ठेवण्यास लागणारा पेन ड्राइव्ह काहीशे रुपयांत मिळतो. एवढा खर्च वाचविणे ही काटकसर नव्हे. विम्याचा हप्ता वाचवून घर उघड्यावर टाकण्यासारखे ते आहे.

तथापि साधन विकत घेतले म्हणजे काम संपले असे नाही. अनेक जण फाईल संगणकातून काढून पेन ड्राइव्हवर हलवितात आणि प्रत ठेवल्याचे समाधान मानतात. वस्तुतः प्रत एकच राहते, केवळ तिची जागा बदलते. शिवाय पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षे पडून राहिल्यास त्यातील नोंदी पुसट होऊ शकतात. हार्ड डिस्क हातातून पडली तर निकामी होऊ शकते. म्हणून दोन सुटी साधने असावीत आणि आलटूनपालटून दर आठवड्याला एकावर नक्कल करावी. एक साधन दुसऱ्या घरी वा कार्यालयात असावे, कारण आग, पूर आणि चोर एका टेबलावरच्या दोन वस्तूंत भेद करीत नाहीत. काम होताच साधन संगणकापासून अलग करावे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने दीडशेहून अधिक देशांतील संगणक ग्रासले; असे विषाणू जोडलेल्या साधनांवरील फायलीही कुलूपबंद करतात. आणि अधूनमधून प्रत उघडून पाहावी; न उघडणारी प्रत ही प्रतच नव्हे.

आता सारे काही इंटरनेटवर राहते, मग ही उठाठेव कशाला, असा आक्षेप येईल. ती सोय उपयुक्त आहे, पण ती परवलीच्या शब्दावर आणि अखंड जोडणीवर अवलंबून असते. शिवाय जिथे दोन्हीकडच्या फायली आपोआप जुळविल्या जातात, तिथे इकडे चुकून पुसलेली फाईल तिकडूनही नाहीशी होते. ती तिसरी प्रत म्हणून स्वीकारावी. एकमेव म्हणून नव्हे.

प्रश्न केवळ व्यक्तीच्या शिस्तीचा नाही. शाळा-महाविद्यालये आणि लहान कार्यालये संगणक घेतात, पण त्यातील मजकुराच्या रक्षणासाठी तरतूद क्वचितच करतात. मग लिपिक स्वतःच्या खिशातून पेन ड्राइव्ह घेतो, आणि विद्यार्थ्यांची खासगी माहिती त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यात लोंबकळत फिरते. संस्थेने दरवर्षी दोन साधनांचा खर्च मंजूर करावा, प्रतींना परवलीचे कुलूप घालावे आणि त्या ठेवण्याची जबाबदारी एका कर्मचाऱ्यावर लेखी सोपवावी. त्याला कोणा समितीच्या अहवालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

खेड्यातला शेतकरी कितीही अडचणीत असला तरी पुढल्या पेरणीचे बियाणे खाऊन टाकीत नाही. ते वेगळे बांधून ठेवतो. लिहित्यावाचत्या माणसाने आपल्या श्रमाच्या बियाण्याची तेवढी तरी काळजी घ्यावयास नको काय?